भाऊचा धक्का : मुंबईहून कोकणात जाण्याचे दार

माझगावच्या किनाऱ्यावरचा हा धक्का १८४१च्या सुमारास लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधला. तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या लक्ष्मणरावांना लोक 'भाऊ' म्हणत. त्याआधी प्रवाशांना चिखल तुडवत पडावात चढावे लागे. बायाबापड्यांचे हाल थांबवणारे हे काम एका मराठी माणसाने केले, हे आवर्जून सांगायला हवे.

पुढे रेवस, धरमतर आणि दक्षिण कोकणातल्या बंदरांकडे आगबोटी इथून सुटू लागल्या. त्यातल्या 'रामदास' बोटीची आठवण रायगडच्या किनाऱ्यावर आजही काढली जाते. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ती रेवसकडे निघाली आणि वादळी पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बराच वेळ पत्ताच लागला नाही. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी ती समुद्रात टाकून माणसे होड्यांत घेतली. त्या कोळ्यांचे ऋण मोठे आहे.

मार्च २०२०पासून इथून अलिबागजवळच्या मांडव्याला रो-रो बोट जाते, तीही मोटारींसह. रस्त्याने पनवेल-पेणमार्गे शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पडते. समुद्रातून तासाभरात पैलतीर. मुंबईहून अलिबागला जाताना हीच वाट धरावी. पावसाळ्यात मात्र फेऱ्या हवामानावर ठरतात, म्हणून आधी चौकशी करावी.