सांगोल्याचे आबासाहेब आणि आपल्या मताची किंमत

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना आटोपली आणि चहा येईपर्यंत निवडणुकीचा विषय निघाला. एक तरुण म्हणाला, "काका, राजकारण आता पैसेवाल्यांचं झालं. आपल्यासारख्यानं उभं राहायचं म्हणजे राहतं घर विकायचं. त्यापेक्षा मिळतंय ते घ्यावं आणि बटण दाबून मोकळं व्हावं." सगळे हसले. आम्ही हसलो नाही, पण बोललोही नाही. मागच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीत पाकिटे फिरली होती. कोणत्या पक्षाची ते सांगत नाही, कारण ती एकाच पक्षाची नव्हती. काही घरांनी घेतली, काहींनी परत केली. आम्ही परत केली, पण शेजारच्या दाराशी गेलेल्या माणसाला हटकले नाही. हा आमचाही दोष आहे.

त्या तरुणाला द्यायचे उत्तर आठवडाभर मनात घोळत राहिले. शेवटी ते आपल्या पक्षात नाही सापडले, तर सांगोल्यात सापडले.

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका म्हणजे माणदेशाचा भाग. पाऊस सह्याद्रीवरच रिकामा होतो, इकडे येतो तो नुसता वारा. या तालुक्याने गणपतराव देशमुख यांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले. आडनाव देशमुख असले तरी ते गढीवाले नव्हते. धनगर समाजातले, शेतकऱ्याच्या घरातले. जन्म १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकिलीचे शिक्षण घेतले आणि शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा खांद्यावर घेतला तो शेवटपर्यंत उतरवला नाही. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, १९६७ ला पुन्हा आले. १९७२ ला पडले, पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत बोलावले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा पराभव. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ८८ होते.

१९९५ चा पराभव वाचकांनी नीट पाहावा. ते पडले १९२ मतांनी. एकशे ब्याण्णव मते म्हणजे किती? आमच्या वस्तीतल्या दोन चाळी. पाकिटात घालून देणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो, घेणाऱ्याला नसतो.

आबासाहेब विरोधी पक्षनेते झाले, दोनदा मंत्री झाले. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात होते. १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. २००२ मध्ये पक्षाने सरकारातून अंग काढून घेतले, तसे मंत्रिपदही गेले. तिकीट कापले म्हणून पक्ष सोडला किंवा मंत्रिपदासाठी रात्रीत दुसऱ्या दारात उभे राहिले, असे एकदाही घडले नाही. मुंबईला अधिवेशनाला जायचे तर एसटीने. सभागृहात कामकाज सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बसायचे, कागदपत्र वाचून बोलायचे. निवडणूक आली की गावोगावचे शेतकरी, मजूर वर्गणी काढायचे. उमेदवाराने मतदाराला द्यायचे हा आजचा रिवाज, सांगोल्यात मतदाराने उमेदवाराला दिले. आमच्या तरुणाने विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

उरलेले अर्धे आपल्याकडे पाहून द्यावे लागते, आणि ते कडू आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोन वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. ही नावे आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ आहेत, मुलांना सांगताना लाज वाटते. १९९८ साली गट एकत्र आले तेव्हा अॅड. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे लोकसभेत गेले, तेही खुल्या मतदारसंघांतून. पुढच्या निवडणुकीपर्यंत ती एकी टिकली नाही. सांगोल्याच्या माणसाने एक झेंडा, एक मतदारसंघ पन्नास वर्षांवर सांभाळला. आपल्याला एक चिन्ह दोन निवडणुका सांभाळता आले नाही.

वस्तीत हे बोलल्यावर एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आक्षेप घेतला, "लाल बावट्याचं कौतुक आपल्या विहारात कशाला?" त्यांना आठवण द्यावीशी वाटते. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडाही लालच होता. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या कुळांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात महार आणि कुणबी एकत्र चालले होते. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि शेतकरी कामगार पक्ष एकाच मांडवात होते. शेतकऱ्याशी आपले नाते तोडून आपल्याला काय मिळाले?

अर्थात डोळे झाकून गोडवे गाण्याचेही कारण नाही. सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, माळरानावर डाळिंबाच्या बागा आल्या. पण ज्याला जमीन होती त्याला डाळिंब मिळाले, ज्याला नव्हती त्याला बागेतली मजुरी. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, बायाबापड्या तान्ही पोरे घेऊन तुरुंगात गेल्या, ती मागणी अजून पुरी व्हायची आहे. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने सरकारची योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. गावात जमीन विकणारा मिळेल तेव्हा ना!

एका गोष्टीत मात्र आबासाहेब ज्या चळवळीत उभे राहिले तिने आपल्या लोकांचे नाव घेतले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. आबासाहेब तिचे खंदे आधार, बरोबर डॉ. भारत पाटणकर. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून माणदेशाला आणायचे ही मागणी. ती मंजूर होऊन पाणी यायला कित्येक वर्षे गेली. पण पाण्याचे समान वाटप करा, जमीन नसलेल्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा द्या, असे या चळवळीने मांडले. पाणी म्हटले की आम्हाला महाडचे तळेच आठवते. तिथे पिण्याचा हक्क होता, इथे पिकवण्याचा आहे.

२०१९ ला वयोमानाने ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबासाहेबांचे निधन झाले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले. इतक्या वर्षांत तयार झालेल्या कार्यकर्त्यांतून उमेदवार घराबाहेरचा का निघू नये, हा प्रश्न आम्ही विचारणारच. घराणे लाल झेंड्याचे असले म्हणून काय झाले?

आता थोडे रोजगार हमीविषयी. ते खाते आबासाहेबांनी सांभाळले, आणि त्या योजनेशी आमच्या घराचा संबंध आहे. आमच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. कचेरीतले सहकारी कुरकुरतात. हा कर १९७५ सालच्या कायद्याने आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराचे काम चालू ठेवायचे, अशी ती सोय. वि. स. पागे यांची ही कल्पना. कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्राचा २००५ चा कायदा त्याच वाटेने आला.

त्याआधी १९७२ चा दुष्काळ झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांत आमची आई होती, सतरा वर्षांची. खडीकेंद्रावर दगड फोडायची. हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिला विचारले. गणपतराव देशमुख आठवतात का, म्हटले. तिने मान हलवली. पुढारी कोण आले कोण गेले तिच्या लक्षात नाही. सुकडी लक्षात आहे, लाल मिलोची भाकरी लक्षात आहे.

आणि आणखी एक लक्षात आहे. ती म्हणाली, "गावात काम केलं की पाटलाची बायको वरनं वंजळीत धान्य टाकायची, हात लागू न देता. खडीवर कारकून आठवड्याला नाव पुकारायचा. बाप्याचं नाव, मग बाईचं. आपलं नाव आलं की अंगठा द्यायचा आन् पैसं हातात. कुणी वरनं टाकलं न्हाईत, बाबा. मोजून घेतलं."