बागणीची लेक विधिमंडळात

सांगलीच्या विश्रामबाग भागात सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर खेड्यापाड्यांतून एस.टी.ने महाविद्यालयांत येणाऱ्या मुलींची गर्दी दृष्टीस पडते. १९१९ साली येथे विलिंग्डन महाविद्यालय निघाले, तेव्हा हे दृश्य कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. या मुलींना जिल्ह्यातील थोर पुढाऱ्यांची नावे विचारावीत. क्रांतिसिंह नाना पाटील, वसंतदादा, राजारामबापू ही नावे तत्काळ येतील. डॉ. सरोजिनी बाबर हे नाव कदाचित येणार नाही. आलेच तर ओव्या गोळा करणाऱ्या विदुषी म्हणून येईल. वाळवा तालुक्यातील बागणीची ही लेक तीन निरनिराळ्या सभागृहांत मिळून सुमारे तेरा वर्षे लोकप्रतिनिधी होती, याचा विसर मात्र जवळजवळ पूर्ण झाला आहे.

सरोजिनीबाईंचा जन्म ७ जानेवारी १९२० चा. वडील कृष्णराव बाबर हे शिक्षणाला वाहून घेतलेले गृहस्थ. मुलीला शिकविणे हेच जेथे धाडस समजले जाई, त्या काळात त्यांनी मुलीला डॉक्टरेटपर्यंत पोहोचू दिले. वाळवा तालुका म्हणजे प्रतिसरकारच्या चळवळीची कर्मभूमी. सरोजिनीबाईंचे तारुण्य त्याच धामधुमीच्या काळातले. पुढे वडिलांच्या समाजशिक्षणमालेचे संपादन त्यांनी हाती घेतले. नुकतीच अक्षरओळख झालेल्या प्रौढ माणसाला वाचता येईल अशा सोप्या मराठीत शेती, आरोग्य, सणवार, थोरांची चरित्रे अशा विषयांवर पुस्तिका काढणे, हे काम कीर्ती देणारे नव्हते. विद्वानांच्या बैठकीत त्याला मान नव्हता आणि राजकारणाच्या बाजारात भाव नव्हता.

१९५२ साली त्या मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आल्या. ती प्रौढ मताधिकारावर झालेली पहिलीच सार्वत्रिक निवडणूक. त्या निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होत असताना देशभर एक विलक्षण अडचण उभी राहिली. लक्षावधी स्त्रियांनी आपले नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढीच त्यांची ओळख नोंदवली गेली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून गळाली. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत घडला हे खरे; परंतु पतीचे नाव उखाण्यावाचून न घेणाऱ्या आणि स्वतःचे नाव क्वचितच उच्चारणाऱ्या महाराष्ट्रातील स्त्रीलाही तो फार परका वाटण्याचे कारण नव्हते.

या पार्श्वभूमीवर सरोजिनीबाईंच्या दोन कामांतील नाते स्पष्ट होते. जात्यावर बसणाऱ्या बाईने पहाटेच्या अंधारात भावाला, लेकाला, पांडुरंगाला हाका मारून आयुष्याचा जमाखर्च मांडला. तो कोणी लिहून ठेवला नाही, कारण मांडणारीला नाव नव्हते. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या तेव्हा स्त्रियांचे कष्ट वाचले, ही गोष्ट आनंदाचीच होती. पण ओवी त्या कष्टाच्या लयीत जन्मलेली. जाते थांबले, तशी ती कंठातच आटू लागली. साठच्या दशकात राज्याच्या लोकसाहित्य समितीची धुरा सांभाळताना बाबरांनी ओव्या, खेळगीते, उखाणे, भोंडल्याची गाणी यांचे संग्रह एकामागून एक सिद्ध केले. ‘जा माझ्या माहेरा’ हे त्यांतील एका संग्रहाचे नाव. काही अभ्यासकांना या संग्रहांत काटेकोर चिकित्सा कमी आणि जिव्हाळा अधिक वाटतो. तो आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु चिकित्सेसाठी आधी साहित्य हाती असावे लागते, आणि ते तेव्हा वेगाने नाहीसे होत होते.

राजकारणात मात्र त्यांचा मार्ग सरळ गेला नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. बाबरांची विधानसभेतील कारकीर्दही त्याच वर्षी संपली. पुढे १९६४ ते १९६६ विधान परिषद आणि १९६८ ते १९७४ राज्यसभा, अशी पदे त्यांना मिळाली. परंतु ती सभागृहे थेट लोकांच्या मताने भरणारी नव्हती. दरम्यान या भागाच्या राजकारणाचे केंद्रच हलले होते. साखर कारखाना, सहकारी बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था यांच्या जाळ्यातून मते उभी राहू लागली. ज्या स्त्रीच्या पदरी ओव्यांच्या वह्या होत्या, पण उसाचा एकही गट नव्हता, तिला या रचनेत मतदारसंघ कोठून मिळणार?

त्यानंतर या परिसरातून ज्या स्त्रिया लोकसभेत गेल्या त्यांचा मार्ग पाहावा. दाजीसाहेब चव्हाणांच्या निधनानंतर १९७३ च्या पोटनिवडणुकीत प्रेमलाकाकी कराडमधून निवडून आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री झाल्यावर सांगलीच्या रिक्त जागेवर १९८३ साली शालिनीताई पाटील आल्या. दोघीही कर्तबगार, शालिनीताई तर त्यापूर्वीच राज्यात मंत्री झाल्या होत्या. तरी लोकसभेचे दार घरच्या माणसाच्या रिकाम्या झालेल्या जागेतून उघडले, हे नाकारता येत नाही. ही रीत केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत मेक्सिकन वंशाची पहिली स्त्री काँग्रेसवर निवडून येण्यास १९९२ साल उजाडावे लागले. त्या ल्युसिल रॉयबल-अलार्ड यांचे वडील एडवर्ड रॉयबल हे तीस वर्षे त्याच काँग्रेसचे सदस्य होते. बाबरांनाही वडिलांचाच आधार होता, परंतु त्या वडिलांनी मुलीला दिली ती पुस्तके, मतदारसंघ नव्हे.

२०२३ साली १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याचे ठरले आणि अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांच्याशी जोडली गेली. जागा राखल्या की त्या भरतील, यात शंका नाही. त्या जागांवर घराण्यांतील सुना येणार, की विश्रामबागेत एस.टी.तून उतरणारी एखादी मुलगीही येणार, याचे उत्तर कायद्यात नाही. ते उमेदवारी देणाऱ्यांच्या हाती आहे.

राज्यसभेची मुदत संपल्यानंतर सरोजिनीबाई घरोघरी पोहोचल्या त्या दूरदर्शनमुळे. ‘रानजाई’ या कार्यक्रमात त्या आणि शान्ता शेळके समोरासमोर बसून ओव्या, म्हणी, सणवार यांविषयी गप्पा मारीत. २००८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना प्रथम आठवला तो हा कार्यक्रम. त्या एके काळी आमदार, खासदार होत्या ही माहिती पुष्कळांना नवीनच होती.