मामा तलावांतील मासा

पूर्व विदर्भातील जुने तलाव लोकव्यवहारात ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जातात. येथे नात्याचा संबंध नाही. ‘माजी मालगुजारी’ या शब्दद्वयाच्या आद्याक्षरांपासून हे रूप सिद्ध झाले आहे. यांपैकी पुष्कळ तलाव कोहळी लोकांनी भातशेतीसाठी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते शासनाकडे गेले.

मासेमारी मात्र परंपरेने ढिवरांची. त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेऊन त्यांत रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडतात. हे मासे मूळचे नद्यांतले. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही, म्हणून बीज पुनःपुन्हा विकत घ्यावे लागते. त्यांचा मोठा भाग साहजिकच बाजाराकडे जातो. याउलट तलावातच निपजणारे बारीक देशी मासे डोक्याकाट्यांसह खाल्ले जातात. त्यांतून कॅल्शियम मिळते, काही जातींतून ‘अ’ जीवनसत्त्वही. हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद क्वचितच होते. सबब केवळ एकूण वजनावरून ढिवर कुटुंबाच्या अन्नसुरक्षेचे अनुमान काढणे प्रस्तुत लेखकास सदोष वाटते: उत्पादन वाढत असतानाही घरच्या कालवणातील मासा कमी होऊ शकतो.

भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील काही गावांत ढिवरांनी बेशरमाची झुडुपे उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. बारीक माशांना आसरा व अंडी घालण्यास जागा या वनस्पतींतच मिळते.