बोअरचं पाणी आणि मिठाचा कप्पा

कुणाकडे डिशवॉशर आहे असं कळलं, की मी आधी त्याची खालची जाळी काढतो आणि शेजारच्या मिठाच्या कप्प्याचं झाकण उघडून पाहतो. ओळखीच्या घरांत आता याचं कुणाला नवल वाटत नाही. सोलापुरात या यंत्राचं आयुष्य हा कप्पाच ठरवतो, असं माझं ठाम मत आहे.

उजनी धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही. मधल्या दिवसांत बोअर, नाहीतर टँकर. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, तोच पाण्याचा जडपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर 600. असं जड पाणी तापलं की चुना बाहेर पडतो. गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर तो हाच. डिशवॉशरमध्ये तो हीटरवर, फवाऱ्यांच्या भोकांत आणि काचेच्या पेल्यांवर बसतो.

यावर उपाय कप्प्यालगतच्या रेझिनच्या बारीक मण्यांत आहे. हे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. त्यांची ताकद संपत आली, की यंत्र त्यांच्यावरून मिठाचं पाणी फिरवतं, अडकलेले क्षार गटारात जातात आणि मणी पुन्हा कामाला लागतात. मीठ डिशवॉशरचंच, जाड आणि शुद्ध हवं. जेवणातलं बारीक मीठ घालू नये. भरताना सांडलेलं मीठ स्टीलला खातं, म्हणून भरल्याबरोबर एक धुणं लावावं. पण बरेच जण मीठ भरतात आणि जडपणाचं सेटिंग कारखान्यातून आलं तसंच ठेवतात. मग मीठ असूनही पेले धुरकटच. जडपणा मोजायच्या पट्टीने पाणी तपासावं, तेही बोअरचं, आणि त्या आकड्यावर सेटिंग लावावं.

 

आता खरकटं अडवणारी तळाची जाळी. जुळे सोलापुरातल्या एका घरात ती उपसली, तर तळाशी शेंगदाण्याच्या कुटाचा तेलकट, राखाडी लगदा बसला होता. आपल्या आमटीत कूट, चटणीत कूट. ते ताटातच खरडून टाकलं पाहिजे. जाळी आठवड्याला कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासावी. फवाऱ्याचे हात काढून हलवावेत. आत काही खुळखुळलं तर टूथपिकने भोकं मोकळी करावीत. दाराच्या रबराची खालची घडी पुसावी, कारण तिथला चिकटा वरून दिसत नाही. चुन्याचा थर दिसला तर लिंबूसत्त्व टाकून रिकामं यंत्र गरम पाण्यावर फिरवावं. दर वेळी व्हिनेगर ओतणं मला पटत नाही. वारंवारच्या आम्लाने रबर खराब होतं.

उन्हाळ्यात महिना-दोन महिने मुलाकडे पुण्याला जायचं असेल, तर निघण्याआधी रिकामं धुणं लावावं, जाळी धुवावी, नळ बंद करून प्लग काढावा आणि दार बोटभर उघडं ठेवावं. मेच्या उन्हात तळाचं उरलेलं पाणी आटतं आणि सांडपाण्याच्या पाइपातून झुरळं वर येतात. म्हणून परतल्यावर भांडी लावण्याआधी एक रिकामी फेरी करावी.