दाखला आणि दर्या

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातील मुलांची पाण्याशी ओळख होते ती बहुधा पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत उडी घेताना. आणि मांजरा, कारंजा किंवा भीमा यांच्या पात्रापलीकडचे पाणी ज्याने पाहिलेले नाही, असा एखादा वेल्डर किंवा स्वयंपाकी मुंबईच्या मक्तेदारामार्फत बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रावर रुजू होतो, तेव्हा समुद्रात जीव वाचविण्याच्या शिक्षणाचा दाखला हाच घरच्या मंडळींना काय तो दिलासा असतो. तो दिलासा कितपत सार्थ आहे, याची छाननी करणे अगत्याचे आहे.

गोव्यात बेतूल येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या सागरी बचाव केंद्राचे उद्‌घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले, आणि वर्षाकाठी १० ते १५ हजार लोकांना तेथे शिक्षण मिळेल, असे त्या वेळी जाहीर झाले. या विद्येतील सर्वांत कठीण पाठ पाण्यात कोसळलेल्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याचा. इंजिन व पाती वरच्या अंगास असल्यामुळे ते पाण्यात पडताच बहुधा उलटे होते. म्हणून शिकाऊ लोकांना नकली कक्षात पट्ट्याने बांधून तलावात सोडतात, कक्ष उलटवितात, आणि एका हाताने खिडकीची कड घट्ट धरावी, हालचाल थांबेपर्यंत धीर धरावा, पट्टा सर्वांत शेवटी सोडावा, हे अंगवळणी पाडतात. विहिरीत सूर मारणारा पटाईत पोहणाराही येथे गोंधळतो, कारण वर कोणते व खाली कोणते हेच त्याला कळेनासे होते.

परीक्षा मात्र त्याच तलावात, शिक्षकाच्या नजरेसमोर, शिकवण ताजी असताना होते. कॅनडातील हॅलिफॅक्स येथील संशोधकांना असे आढळले की, ज्यांनी शिकताना खिडकी स्वतःच्या हाताने ढकलून काढली होती, ते सहा महिन्यांनंतरच्या चाचणीत इतरांहून सरस ठरले. उत्तर समुद्रावरील प्रघात तर एकच दाखला चार वर्षे चालविण्याचा आहे! शिवाय तिकडच्या शिक्षणाचा बराच भर थंडीने गारठणाऱ्या देहावर. आपल्या अरबी समुद्राचे पाणी उबदार, आपला वैरी वादळ.

त्या वैऱ्याने १७ मे २०२१ रोजी घेतलेली परीक्षा भयंकर होती. तौक्ते वादळात पी-३०५ हा कामगारांच्या निवासाचा बार्ज नांगर तुटून भरकटला, तेलक्षेत्रातील एका फलाटावर आदळला आणि बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने व इतरांनी वाचविले. रात्रभर एकमेकांचे हात धरून तरंगत राहिल्याचे वाचलेल्यांनी सांगितले, आणि गट मोडू न देणे हा तर बचावाच्या शिक्षणातील मूळ पाठ होय. परंतु बरेच जीवरक्षक तराफे फुटके निघाले, हेही त्यांनीच सांगितले. वादळाची सूचना मिळूनही बार्ज बंदरात आणला गेला नाही, हा निर्णय तर कोणत्याही शिकाऊ कामगाराच्या अखत्यारीतला नव्हता. म्हणून मृतांच्या आकड्यावरून शिक्षण फसले असे म्हणणे, किंवा वाचलेल्यांच्या आकड्यावरून ते फळले असे म्हणणे, दोन्ही मला उतावीळपणाचे वाटते.

माझ्या मते खरे मोजमाप दप्तरातील हजेरीवरून होणार नाही. पूर्वसूचना न देता, शिक्षणानंतर सहा-आठ महिन्यांनी, काळोख केलेल्या तलावात पुन्हा चाचणी घ्यावी. तराफ्यांची तपासणीही या चाचणीच्याच नोंदवहीत लिहावी. आणि मक्तेदाराकडील स्वयंपाक्यालाही, त्याला उमजणाऱ्या मराठीत वा कानडीत, तोच पाठ द्यावा.