हिरोशिमा तोयो कार्प

हिरोशिमा तोयो कार्प हा जपानच्या हिरोशिमा शहरातील व्यावसायिक बेसबॉल संघ आहे. तो जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या सेंट्रल लीगमध्ये खेळतो. संघाची स्थापना १९४९ च्या अखेरीस झाली आणि १९५० च्या हंगामात त्याने पहिला सामना खेळला. अणुबाँबच्या संहारानंतर अवघ्या चार वर्षांनी उभा राहिलेला हा संघ पुढे नागरिकांच्या वर्गणीने तगला. म्हणूनच त्याला ‘नागरिकांचा संघ’ म्हणून ओळखले जाते.

नाव

कार्प हा गोड्या पाण्यातील मासा. आपल्याकडील रोहू व कटला याच कुळातले. हिरोशिमातून वाहणाऱ्या ओता नदीत हा मासा आढळतो आणि शहरातील जुन्या किल्ल्यालाही ‘कार्पचा किल्ला’ असे पर्यायी नाव आहे. प्रवाहाविरुद्ध पोहणारा कार्प जपानी परंपरेत चिकाटीचे प्रतीक मानला जातो. नावातील ‘तोयो’ हा शब्द १९६८ मध्ये जोडला गेला. माझदा मोटारी बनविणाऱ्या तोयो कोग्यो या स्थानिक कंपनीने त्या वर्षी संघाचा मुख्य भार उचलला.

स्थापना आणि बिकट काळ

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकण्यात आला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मृत्युमुखी पडली. अशा शहरात खेळाचा संघ काढणे अनेकांना अवेळी वाटणे स्वाभाविक होते. परंतु लोकांना एकत्र येण्यास आणि उद्याची वाट पाहण्यास काही निमित्त हवे, ही त्यामागील भावना होती.

इतर बहुतेक व्यावसायिक संघांच्या पाठीशी वृत्तपत्रे, रेल्वे कंपन्या किंवा चित्रपटसंस्था होत्या. कार्पला असा धनी नव्हता. पहिल्या हंगामात संघाने ४१ सामने जिंकले, ९६ गमावले आणि तो तळाला राहिला. खेळाडूंचे पगार थकले. मार्च १९५१ मध्ये संघ दुसऱ्या संघात विलीन करण्याचे जवळजवळ ठरले होते. तेव्हा मुख्य प्रशिक्षक इशिमोतो शुइची यांनी लोकांना साद घातली. त्यांनी गावोगाव सभा घेतल्या. कारखान्यांत आणि वस्त्यांत पाठीराख्यांची मंडळे स्थापन झाली. मैदानाच्या प्रवेशद्वाराशी साके या मद्याचे रिकामे लाकडी पिंप ठेवले जाई आणि येणारा-जाणारा त्यात यथाशक्ती पैसे टाकी. देणाऱ्यांपैकी अनेकांची स्वतःची घरेही अजून धड उभी नव्हती. हे ‘पिंपातील दान’ आजही संघाच्या इतिहासातील सर्वांत हृद्य प्रकरण मानले जाते.

यशाचा काळ

पहिली पंचवीस वर्षे संघ बहुधा तळाशीच रेंगाळला. मे महिन्याच्या आरंभी बालदिनानिमित्त जपानी घरांवर कार्पच्या आकाराच्या कापडी पताका फडकतात. त्या उतरल्या की संघाचा जोरही उतरतो, अशी थट्टा होई. १९७५ मध्ये जो लुट्झ हे अमेरिकन मुख्य प्रशिक्षक आले. त्यांनी गडद निळी टोपी बदलून लाल केली. झुंजार वृत्तीचे प्रतीक म्हणून स्वीकारलेला हा रंग पुढे संघाची ओळख बनला. लुट्झ महिन्याभरातच पायउतार झाले. परंतु कोबा ताकेशी यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १५ ऑक्टोबर १९७५ रोजी तोक्योत योमिउरी जायंट्सवर मात करून पहिले लीग विजेतेपद मिळविले. हिरोशिमातील विजययात्रेच्या वेळी रस्त्याकडेला काहीजण दिवंगत आप्तांच्या तसबिरी घेऊन उभे होते.

१९७९, १९८० आणि १९८४ मध्ये संघ जपान सिरीज जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. या पर्वाचे आधारस्तंभ दोन: कारकिर्दीत ५३६ होमरन मारणारे यामामोतो कोजी आणि १९७० ते १९८७ या काळात सलग २,२१५ सामने खेळणारे किनुगासा साचिओ. १९७९ मध्ये चेंडू लागून खांद्याचे हाड मोडले असतानाही किनुगासा दुसऱ्या दिवशी मैदानात उतरले होते.

१९९१ नंतर लीग विजेतेपदासाठी २५ वर्षे वाट पाहावी लागली. तोट्यात न जाण्याच्या धोरणामुळे संघ महागडे खेळाडू विकत घेण्याऐवजी तरुणांना घडविण्यावर भर देतो. याच हेतूने १९९० मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात प्रशिक्षण केंद्र सुरू करण्यात आले. २०१५ मध्ये पिचर कुरोदा हिरोकी अमेरिकेतील मोठ्या रकमेचा मोह टाळून जुन्या संघात परतले. त्यानंतर २०१६, २०१७ आणि २०१८ असे सलग तीन वेळा संघ लीग विजेता झाला. जपान सिरीजमधील विजयाने मात्र १९८४ नंतर हुलकावणीच दिली आहे.

मैदाने

१९५७ मध्ये स्थानिक उद्योगांच्या देणगीतून हिरोशिमा नगर मैदान उभे राहिले. प्रकाशझोतांची सोय असल्याने तेथे रात्रीचे सामने होऊ लागले. बाँबस्फोटातून उरलेला अणुबाँब घुमट रस्त्याच्या पलीकडेच होता. एका बाजूस स्मारकाची शांतता आणि दुसऱ्या बाजूस प्रेक्षकांचा जल्लोष, असे ते दृश्य असे.

२००९ पासून संघ हिरोशिमा स्थानकाजवळील माझदा स्टेडियमवर खेळतो. मैदान नगराच्या मालकीचे असून त्याची क्षमता सुमारे ३३,००० आहे. त्यासाठीही पिंपातील दानाची प्रथा पुन्हा जागविण्यात आली होती. मैदानाची एक बाजू रेल्वेमार्गाच्या दिशेने मोकळी ठेवल्यामुळे शिनकानसेनमधील प्रवाशांना आतील खेळाची ओझरती झलक दिसते. ६ ऑगस्टला शहरात सामना न खेळण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. २०११ पासून त्या दिवशीही सामने होऊ लागले. २०१५ मध्ये, बाँबस्फोटास ७० वर्षे झाली त्या दिवशी, कार्पच्या सर्व खेळाडूंनी ८६ हा एकच क्रमांक धारण केला. आठवा महिना, सहावा दिवस हा त्याचा अर्थ.

शहरातील क्रीडाजीवन

सानफ्रेचे हिरोशिमा हा शहराचा व्यावसायिक फुटबॉल संघ २०१२, २०१३ व २०१५ मध्ये जे-लीगचा विजेता ठरला. सरंजामदार मोरी मोतोनारी यांच्या प्रसिद्ध आख्यायिकेतील तीन बाण हा त्याच्या नावाचा आधार आहे. शहराच्या मध्यभागी बांधलेले त्याचे नवे मैदान २०२४ मध्ये खुले झाले. १९९४ च्या आशियाई क्रीडास्पर्धाही हिरोशिमातच भरल्या होत्या; तेथे भारतीय संघाने कबड्डीचे सुवर्णपदक जिंकले.