साखरेसारखे औषधही मोजता येईल?

साखर मोजायचे यंत्र घरोघरी आले, मग बाकीच्या तपासण्यांचे का नाही, असे रुग्ण मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर साखर ओळखणारे एन्झाइम असते. त्याच्या क्रियेतून सूक्ष्म वीज निघते व यंत्र ती मोजते. परंतु प्रत्येक पदार्थासाठी असे सोयीचे एन्झाइम निसर्गाने दिलेले नाही.

१९९० साली अमेरिकेत दोन ठिकाणी यावर निराळा मार्ग निघाला. कोलोरॅडोत टर्क व गोल्ड, बोस्टनमध्ये एलिंग्टन व शोस्टाक. अब्जावधी निरनिराळे आरएनएचे तुकडे घ्यायचे, हव्या त्या पदार्थावर सोडायचे, चिकटतील ते ठेवून बाकीचे धुऊन टाकायचे. उरलेल्यांच्या प्रती काढून पुन्हा तेच, अनेक वेळा. धान्य चाळतात तसे म्हणा! शेवटी तो पदार्थ घट्ट धरणारे तुकडे हाती येतात. त्यांना ‘अ‍ॅप्टामर’ म्हणतात. पुढे डीएनएचेही असे तुकडे निघाले.

डीएनए म्हणजे आनुवंशिकता, एवढेच आपण शिकलो. इथे मात्र तो निव्वळ दोऱ्याच्या कामाला आला आहे. दोऱ्याचे एक टोक सोन्याच्या पत्र्यावर बसवतात, दुसऱ्याला मिथिलीन ब्लू हा आमच्या ओळखीचा रंग लावतात. औषधाचा कण येऊन बसला की दोऱ्याला घडी पडते, रंग सोन्याजवळ सरकतो आणि विजेचा प्रवाह बदलतो. कण सुटला की दोरा पूर्ववत.

याची गरज कुठे, ते सांगतो. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने जीव वाचवतात. पण प्रमाण जरा चढले की मूत्रपिंड आणि कान यांना इजा करतात. क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिनने कान गेलेले रुग्ण माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत, आणि असा गेलेला कान सहसा परत येत नाही. आम्ही क्रिएटिनिन पाहतो, पण ते वाढते तेव्हा इजा सुरू झालेली असते. रक्तातील औषधाचे प्रमाण पाहायचे तर नमुना शहरात पाठवावा लागतो. अहवाल येईपर्यंत पुढचे डोस देऊन झालेले असतात.

२०१३ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील शास्त्रज्ञांनी जिवंत उंदरांच्या रक्तातील कॅनामायसिन, म्हणजे याच कुळातले औषध, अ‍ॅप्टामरने सलग मोजून दाखवले. मात्र रक्तातली एन्झाइमे डीएनए तोडतात, प्रथिने सोन्यावर थर धरतात आणि मोजमाप हळूहळू भरकटते. त्यामुळे असे यंत्र अजून औषधाच्या दुकानात मिळत नाही. मिळते असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नका.

तोवर ही इंजेक्शने चालू असताना कानात गुणगुण, चक्कर किंवा लघवी कमी झाल्यास पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर पहिल्याच डोसाआधी.